कस्टम रिकव्हरी फोनमध्ये नेमकी जाते कुठे, आणि टाकताना काय काय होतं

गेल्या पावसाळ्यात कळव्याला आत्याकडे गेले होते, तर आतेभाऊ दारातच फोन घेऊन उभा. "ताई, हा लोगोवरच अडकलाय बघ, स्टेशनजवळच्या दुकानात दाखवला तर म्हणाले मदरबोर्ड गेला, नवीन घ्या." फोन रेडमी नोट ७ प्रो, २०१९चा, बॅटरी अजून धडधाकट, स्क्रीनवर एक चरा नाही. मी हातात घेतला, पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरलं आणि थोड्या वेळात स्क्रीनवर ते सशाचं चित्र आलं, खाली फास्टबूट लिहिलेलं, म्हणजे केबल लावून कॉम्प्युटरवरून फोनमध्ये फाईली लिहायची सोय. माझा जीव भांड्यात पडला, कारण ज्या फोनचं फास्टबूट उघडतं त्यात बहुतेक वेळा धुगधुगी असते.

मग त्याला बसवून विचारलं की नक्की काय केलंस. तर याने एक व्हिडिओ बघून कस्टम रिकव्हरी टाकली होती. व्हिडिओ दुसऱ्याच फोनचा, फाईल नोट ७ ची, आणि व्हिडिओतल्या माणसाने जी कमांड दिली तीच याने जशीच्या तशी मारली, ज्यात रिकव्हरीच्या जागी बूट लिहिलेलं होतं. म्हणजे फाईलही चुकीची आणि ती ठेवली तो कप्पाही चुकीचा. त्याच वर्जनच्या मूळ रॉममधून, म्हणजे कंपनीच्या अख्ख्या सिस्टमच्या फाईलींच्या गठ्ठ्यातून, बूटची फाईल काढून परत बूटच्या जागी टाकली, दोन मिनिटांत फोन चालू झाला, फोटोसुद्धा जागेवर. आत्याने तेवढ्यात चहा टाकला होता, तो उकळायच्या आत काम झालं. पण मला राहून राहून वाटत राहिलं की त्याला कुणी आधी दहा मिनिटं बसून हे कप्पे समजावले असते तर हे झालंच नसतं, आणि मराठीत असं समजावून सांगणारं फारसं कुणी नाही, म्हणून हे लिहितेय.

तर पहिली गोष्ट, फोनची मेमरी ही एकच मोठी खोली नसते, तिचे बरेच कप्पे असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. एका कप्प्यात सिस्टम, म्हणजे खुद्द अँड्रॉइड. एकात व्हेंडर, म्हणजे कॅमेरा, नेटवर्क, सेन्सर वगैरे हार्डवेअरशी बोलणाऱ्या फाईली. एकात डेटा, म्हणजे तुमचे अॅप, मेसेज, फोटो. एकात बूट, त्यात कर्नल, म्हणजे हार्डवेअर ओळखून चालवणारा सिस्टमचा गाभा, आणि फोन चालू होताना लागणारी सुरुवातीची सामग्री. आणि एका छोट्याशा कप्प्यात रिकव्हरी.

आता आपल्या एखाद्या सोसायटीचा विचार करा, घोडबंदर रोडवरची घ्या किंवा ऐरोलीतली. वर फ्लॅट, तिथे माणसं राहतात. तळमजल्याला पंपरूम असते, तिला वेगळा दरवाजा, वेगळी किल्ली, आणि वरचे सगळे फ्लॅट बंद असले तरी पंपरूम उघडून पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करता येतो, मीटर बघता येतो. रिकव्हरी ही फोनची पंपरूम. ती अँड्रॉइडच्या आतलं अॅप नाहीये हे डोक्यात पक्कं बसवा, कारण अर्ध्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. ती स्वतःच एक छोटी, स्वतंत्र सिस्टम आहे, बऱ्याच फोनमध्ये तिचं स्वतःचं कर्नल असतं, ती अँड्रॉइडच्या ऐवजी चालू होते, आणि म्हणूनच अँड्रॉइड मेलेलं असताना ती त्याच्यावर काम करू शकते. चालत्या गाडीचं इंजिन बदलता येत नाही, तसं चालू अँड्रॉइडला स्वतःचाच पाया बदलता येत नाही, त्यासाठी बाहेर उभं राहणारं कुणीतरी लागतं.

रिकव्हरी प्रत्येक फोनमध्ये आधीपासून असतेच. कंपनीने दिलेली, तिला स्टॉक रिकव्हरी म्हणतात. फोन बंद करून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं की बऱ्याच फोनवर ती उघडते, काहींवर आडवा पडलेला अँड्रॉइडचा रोबो आणि खाली नो कमांड असं दिसतं, घाबरू नका, तीच ती. तिला दोनचार कामंच येतात. फॅक्टरी रीसेट करणं, कंपनीचा अपडेट बसवणं, बस्स. आणि अपडेट बसवतानासुद्धा ती आधी त्यावरची कंपनीची डिजिटल सही तपासते, सही नसेल तर हात लावत नाही. कस्टम रिकव्हरी म्हणजे त्याच कप्प्यात ठेवलेली दुसरी, जास्त कामं येणारी रिकव्हरी, जी कंपनीच्या सहीवर अडून बसत नाही. तिच्यातून दुसरी रॉम टाकता येते, कप्प्यांचा अख्खा बॅकअप घेता येतो ज्याला लोक नॅन्ड्रॉइड बॅकअप म्हणतात, फोन चालू होत नसला तरी फाईली कॉम्प्युटरवर काढता येतात, एखादा कप्पा पुसता येतो. तिच्यात टर्मिनल असतं, फाईल मॅनेजर असतो.

पूर्वी क्लॉकवर्कमॉड नावाची रिकव्हरी सगळीकडे दिसायची, कौशिक दत्ता यांनी बनवलेली, आवाजाच्या बटणांनी वरखाली जायचं त्यात. मग २०११ मध्ये टीम विन रिकव्हरी प्रोजेक्ट आला, ज्याला सगळे टीडब्ल्यूआरपी म्हणतात, त्यात बोटाने टच करून काम होतं आणि बघता बघता तीच सगळ्यांची झाली. आज तिच्याच पायावर बनलेली ऑरेंजफॉक्स आहे, आणि लिनिएजओएस ही कस्टम रॉम बनवणाऱ्यांची स्वतःची साधीसुधी रिकव्हरी आहे, जी जास्त काही करत नाही पण त्यांची रॉम टाकायला तेवढी पुरते. मला विचाराल तर तुमच्या फोनसाठी जी टीम रॉम बनवते तिने जी रिकव्हरी सांगितलीय तीच घ्या, दुसरी दिसायला कितीही छान असली तरी.

आता वॉचमन. सोसायटीच्या गेटवर जसा वॉचमन, तसा फोनमध्ये बूटलोडर. पॉवर बटण दाबल्यावर अगदी सुरुवातीला जे जागं होतं त्यातला हा, आणि पुढे कुणाला आत सोडायचं ते हाच ठरवतो. लॉक असलेला बूटलोडर बूट, रिकव्हरी, सिस्टम यातल्या ज्याला चालू करायचं त्याची सही तपासतो, कंपनीची सही जुळली तर आत, नाहीतर तिथेच थांबवतो. शिवाय लॉक असताना तो फास्टबूटमधून काही लिहूच देत नाही. म्हणून कस्टम रिकव्हरी टाकायची तर आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो, याला आडवाट नाही, आणि जो कुणी एका क्लिकमध्ये अनलॉक न करता रिकव्हरी टाकून देतो म्हणतो त्याच्या फाईली कॉम्प्युटरवर घेऊच नका.

अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. सगळा. फोटो, चॅट, ऑथेंटिकेटरचे कोड, सगळं. लोकांना याचा राग येतो, पण कारण समजून घ्या. समजा तुमचा फोन ठाणे स्टेशनवर गर्दीत चोरीला गेला, आणि चोराला बूटलोडर अनलॉक करून स्वतःची रिकव्हरी टाकता आली आणि डेटा मात्र तसाच राहिला, तर तुमच्या लॉकस्क्रीनला काय अर्थ उरला? म्हणून वॉचमन म्हणतो की गेट उघडं करतो पण आधी घरं रिकामी करतो. ही तुमच्याच बाजूची सोय आहे.

प्रत्येक कंपनीची अनलॉकची पद्धत वेगळी. सेटिंगमध्ये अबाउट फोनला जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, शाओमीमध्ये बिल्ड नंबरऐवजी मीयूआय वर्जनवर, नवीन हायपरओएस सिस्टम असेल तर ओएस वर्जनवर टॅप करायचं, तिथे ओईएम अनलॉकिंग चालू करायचं, एवढं बहुतेक ठिकाणी सारखं. पिक्सेलवर पुढे फास्टबूटमध्ये फ्लॅशिंग अनलॉक ही एक कमांड दिली की झालं. शाओमीत त्यांचं खातं फोनला जोडावं लागतं, तेही वायफायवर नाही तर सिमच्या डेटावर, मग त्यांचं अनलॉक टूल कॉम्प्युटरवर चालवायचं आणि ते बऱ्याचदा १६८ तास थांबायला सांगतं, म्हणजे सात दिवस, आणि नवीन हायपरओएस वाल्या फोनना याहून कडक नियम आहेत. मधे उतावळेपणा करून खातं काढून परत जोडू नका, मोजणी पहिल्यापासून सुरू होते. हुआवेने तर २०१८ मध्येच अनलॉक कोड देणं बंद केलं. काही कंपन्या अनलॉकची अधिकृत सोयच देत नाहीत, तिथे हा विषय संपला, म्हणून फोन विकत घेतानाच हे बघून घ्या.

आणि अजून एक, जे व्हिडिओत शेवटच्या पाच सेकंदांत सांगतात आणि मला वाटतं पहिल्यांदा सांगायला हवं. बूटलोडर अनलॉक झाला की फोन "मी मूळ स्थितीत आहे" हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. गुगलची प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी असते, बँकेचे आणि पेमेंटचे बरेच अॅप तिचा निकाल बघतात, आणि अनलॉक फोन त्यात नापास होऊ शकतो, मग अॅप उघडतच नाही. काही फोनवर वाइडवाइन, म्हणजे ओटीटीचे व्हिडिओ कुलूपबंद ठेवणारी व्यवस्था, एल १ वरून एल ३ ला घसरतं, मग ओटीटीवर एचडी दिसत नाही. सॅमसंगमध्ये नॉक्सचा एक फ्यूज असतो, अनधिकृत फाईल टाकली की तो कायमचा उडतो, परत मूळ सॉफ्टवेअर टाकलं, लॉक केलं, काहीही केलं तरी तो पूर्ववत होत नाही, आणि सिक्युअर फोल्डरसारख्या गोष्टी त्या फोनवर बंद होतात. त्यामुळे ज्या फोनवरून तुम्ही रोज भाजीवाल्याला यूपीआय करता, ज्यावर पगाराच्या खात्याचा ओटीपी येतो, तो फोन यात ओढू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कपाटात पडलेला, कंपनीने अपडेट देणं सोडलेला फोन असतो ना, त्याच्यासाठी हे सगळं सोन्यासारखं आहे. आत्याकडचा फोन तसाच होता.

आता येते ती फाईल. प्रत्येक मॉडेलला एक कोडनेम असतं आणि फाईल कोडनेम बघून घ्यायची, बाजारातलं नाव बघून नाही. रेडमी नोट ७ म्हणजे लॅव्हेंडर आणि नोट ७ प्रो म्हणजे व्हायोलेट, नावात एका शब्दाचा फरक पण आतला प्रोसेसर वेगळा. नोट ४ ची गोष्ट तर याहून वाईट, एकाच नावाचे दोन फोन होते, स्नॅपड्रॅगनवाला मीडो आणि मीडियाटेकवाला निकेल, डब्यावर नाव तेच. रिकव्हरीत त्या फोनचं कर्नल असतं हे वर सांगितलं ना, म्हणून एकाची दुसऱ्याला चालत नाही, कर्नलला समोरचं हार्डवेअर ओळखूच येत नाही, आणि फोन लोगोवर किंवा काळ्या स्क्रीनवर बसून राहतो. कोडनेम अंदाजाने ठरवू नका, फोनलाच विचारा. फास्टबूटमध्ये असताना फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट ही कमांड दिली की बऱ्याच फोनवर तो स्वतः सांगतो. कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय.

कॉम्प्युटरची तयारी पटकन सांगते. गुगलचं प्लॅटफॉर्म टूल्स नावाचं छोटं फोल्डर डाउनलोड करायचं, त्यात एडीबी आणि फास्टबूट दोन्ही असतात. एडीबी चालू अँड्रॉइडशी किंवा रिकव्हरीशी बोलतं, फास्टबूट बूटलोडरशी बोलतं, हा फरक लक्षात ठेवा म्हणजे "डिव्हाइस दिसत नाही" चा अर्धा त्रास वाचेल, कारण फोन फास्टबूटमध्ये असताना एडीबीला तो दिसणारच नाही. विंडोजवर फास्टबूट डिव्हायसेस मारून काहीच आलं नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, तिथे पिवळ्या त्रिकोणासकट अँड्रॉइड असं पडलेलं असेल, त्याला ड्रायव्हर द्या. तरी नाही जमलं तर निळ्या पोर्टातून केबल काढून साध्या यूएसबी २ च्या पोर्टात लावा, काही नवीन कॉम्प्युटरवर हेच दुखणं असतं आणि लोक दोन दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसतात. केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नाही. बॅटरी निम्म्याच्या वर. आणि शक्यतो लॅपटॉपवर करा, पावसात आमच्याकडे लाईट जाते, डेस्कटॉप मधेच बंद झाला आणि तेव्हा कप्प्यात लिहिणं चालू असेल तर ते अर्धवट राहतं.

प्रत्यक्ष टाकणं मात्र खरंच काही सेकंदांचं काम आहे. ज्या जुन्या पद्धतीच्या फोनना रिकव्हरीचा वेगळा कप्पा आहे, त्यात फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी आणि पुढे फाईलचं नाव. ही कमांड मराठीत वाचायला शिका. फास्टबूट म्हणजे कुणाशी बोलतोय. फ्लॅश म्हणजे काय करायचंय, लिहायचंय. रिकव्हरी म्हणजे कुठल्या कप्प्यात. आणि शेवटी कुठली फाईल. आतेभावाने तिसऱ्या जागी बूट लिहिलं होतं, त्यामुळे फोन चालू व्हायला जे कर्नल लागतं तेच पुसलं गेलं आणि त्या जागी दुसऱ्या फोनची रिकव्हरी येऊन बसली. त्या एका शब्दाने. कमांड कॉपी करू नका असं मी म्हणत नाही, पण एंटर मारायच्या आधी तिसरा शब्द मोठ्याने वाचा. आणि एक बारीक गोष्ट, विंडोज फाईलचं शेपूट लपवतं, त्यामुळे तुम्ही नाव बदलताना डॉट आयएमजी लिहिलं की ते दोनदा लागतं आणि मग फास्टबूट म्हणतं फाईल सापडत नाही, व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दिसू द्या.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, टाकली, ओके आलं, फोन रीस्टार्ट केला, परत रिकव्हरीत गेलो तर जुनीच आहे, असं का? कारण बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टममध्ये एक छोटी स्क्रिप्ट असते जी अँड्रॉइड चालू होताना रिकव्हरीचा कप्पा तपासते आणि आपली नसेल तर स्वतःची परत लिहून टाकते. पंपरूमचं कुलूप तुम्ही बदललंत आणि सेक्रेटरीने सकाळी येऊन परत जुनं लावलं, तसं. म्हणून फ्लॅश झाल्यावर अँड्रॉइडला चालू व्हायची संधीच द्यायची नाही, तिथूनच बटणं धरून थेट रिकव्हरीत जायचं. टीडब्ल्यूआरपी उघडली की ती विचारते सिस्टममध्ये बदल करू देऊ का, हो म्हटलं की ती त्या स्क्रिप्टचा बंदोबस्त करते. पण मूळ सिस्टम ठेवायची आहे आणि तिच्यात बदल झालेला बूटलोडरला दिसला तर तो फोन चालू होऊ देत नाही, म्हणून तुमच्या फोनची टीम काय सांगते ते इथे वाचणं गरजेचं.

हे दुसरं राखणदारीचं प्रकरण थोडं नीट समजून घेऊ. अँड्रॉइडमध्ये व्हेरिफाइड बूट म्हणून व्यवस्था आहे आणि अँड्रॉइड ८ पासून तिचं नवीन रूप आलं, त्यात व्हीबीमेटा नावाचा एक अगदी चिमुकला कप्पा असतो. वॉचमनच्या हातातलं रजिस्टर समजा, कुठल्या कप्प्यात काय असायला हवं त्याची नोंद त्यात. तुम्ही रिकव्हरी बदलली की नोंद जुळत नाही. काही फोन अनलॉक असले की नुसतं इशारा दाखवून पुढे जातात, काही तिथेच अडतात. अडणाऱ्या फोनसाठी व्हीबीमेटाची फाईल दोन जास्तीच्या सूचना देऊन परत टाकतात, डिसेबल व्हेरिटी आणि डिसेबल व्हेरिफिकेशन, म्हणजे रजिस्टर ठेव पण तपासू नको. गरज असेल तरच करा. आणि फाईल तुमच्याच फोनच्या मूळ रॉममधली घ्या.

इथपर्यंत जुन्या पद्धतीचे फोन झाले. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर ए-बी नावाची पद्धत आली आणि तिथून गणित बदललं. त्यात महत्त्वाच्या कप्प्यांच्या दोन दोन प्रती असतात, स्लॉट ए आणि स्लॉट बी. तुम्ही ए वर काम करत असता तेव्हा मागच्या मागे बी वर अपडेट बसतो, रीस्टार्ट केलं की फोन बी वर जातो, बी बिघडला तर परत ए वर येतो. फारच शहाणी कल्पना आहे ही. ठाणे-वाशी मार्गावर एका ट्रॅकचं काम चालू असताना दुसऱ्यावरून गाडी काढावी तसं. पण अशा बऱ्याच फोनमध्ये रिकव्हरीचा वेगळा कप्पाच काढून टाकला आणि ती बूटच्या कप्प्यातच राहायला गेली, कर्नलही तिथलंच वापरते. अजून नवीन फोनमध्ये ती व्हेंडर बूट नावाच्या कप्प्यात असते. म्हणजे त्या फोनना फ्लॅश रिकव्हरी म्हटलं तर उत्तर येतं असा कप्पाच नाही.

मग तिथे कसं करायचं? फास्टबूट बूट आणि फाईलचं नाव. ही कमांड काहीही लिहीत नाही, फाईल फोनच्या रॅममध्ये नेऊन तात्पुरती चालू करते, रीस्टार्ट केलं की गेली. जुन्या फोनवरसुद्धा चालत असेल तर आधी अशीच तपासून बघा, टच चालतोय का, स्टोरेज दिसतंय का, कारण यात गमवायला काही नाही. तात्पुरती रिकव्हरी चालू झाली की तिच्या आतूनच अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन फ्लॅश करंट टीडब्ल्यूआरपी असा पर्याय असतो, तो बूटच्या फाईलमधला फक्त रिकव्हरीचा भाग बदलतो, कर्नल तसंच राहतं. आता कळलं का त्या व्हिडिओत फ्लॅश बूट का होतं? तो फोन ए-बी वाला होता. त्याच्यापुरतं त्याचं बरोबर असेल, पण नोट ७ प्रोला रिकव्हरीचा वेगळा कप्पा आहे.

सॅमसंगचा संसार वेगळा. तिथे फास्टबूट नसतं, डाउनलोड मोड असतो, आणि कॉम्प्युटरवर ओडिन नावाचं टूल. रिकव्हरीची फाईल टार स्वरूपात एपी च्या जागी लावायची, ऑटो रीबूटची खूण काढायची, कारण तेच, अँड्रॉइडला चालू होऊ द्यायचं नाहीये. झालं की बटणं धरून थेट रिकव्हरीत. नॉक्सचं वर सांगितलंच.

रिकव्हरी उघडली, आणि इंटर्नल स्टोरेज शून्य एमबी दाखवतेय, किंवा फोल्डरची नावं अगम्य अक्षरांची दिसतायत, तर डेटा उडाला असं समजून रडू नका. डेटा एन्क्रिप्टेड आहे. हल्ली फोनमधली प्रत्येक फाईल कुलूपबंद असते आणि किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. काही रिकव्हरी पिन विचारून कुलूप उघडतात, काहींना ते जमत नाही, विशेषतः अँड्रॉइडचं नवीन वर्जन आलं आणि रिकव्हरी जुनी असली की. तोवर तिथून आतल्या फाईली वाचता येणार नाहीत, रॉमची फाईल मेमरी कार्डवरून, ओटीजी पेनड्राइव्हवरून किंवा एडीबी साइडलोडने, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलने थेट पाठवून, द्यावी लागेल.

याच ठिकाणी फॉरमॅट डेटा आणि नुसतं वाइप हे दोन पर्याय दिसतात आणि लोक एक समजून दुसरा दाबतात. टीडब्ल्यूआरपीत वाइपमधलं फॅक्टरी रीसेट तुमचे अॅप आणि सेटिंग पुसतं पण फोटो, डाउनलोड ठेवतं. फॉरमॅट डेटा मात्र यस असं टाइप करायला लावतं आणि अख्खा कप्पा धुऊन काढतं, कुलुपासकट, फोटोंसकट. एका रॉमवरून दुसऱ्या रॉमवर जाताना बहुतेक वेळा हा दुसराच लागतो, म्हणून फोटो आधीच कॉम्प्युटरवर काढलेले हवेत. आणि टीडब्ल्यूआरपीच्या बॅकअपमध्ये डेटाला टिक केलं तरी फोटोंचा भाग त्यात येत नाही, हे मी एकदा स्वतः भोगलंय, ऐरोलीच्या घरी गणपतीचे सगळे फोटो त्यात गेले, बॅकअप होता पण त्यात ते नव्हतेच.

बिघडलंच तर दोन प्रकार. सॉफ्ट ब्रिक म्हणजे फोन लोगोवर अडकलाय पण फास्टबूट किंवा डाउनलोड मोड उघडतोय, हा बहुतेक वेळा घरी दुरुस्त होतो. हार्ड ब्रिक म्हणजे स्क्रीन मिट्ट काळी, क्वालकॉमचा फोन कॉम्प्युटरला फक्त ९००८ असा पोर्ट म्हणून दिसतो, तिथे मात्र चांगला कारागीर लागतो, वाशीला किंवा ठाण्यात गोखले रोडला शोधा, पण आधी त्याला नेमकं काय केलंत ते खरं सांगा, त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात. हार्ड ब्रिक व्हायची एक नेहमीची वाट म्हणजे जुनं सॉफ्टवेअर टाकणं, काही फोनमध्ये अँटी-रोलबॅक असतं, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरवर परत जाण्यावर बंदी, त्याचा आकडा मागे गेला की फोन उठतच नाही.

दुसरी वाट म्हणजे परत लॉक करणं. कस्टम रिकव्हरी किंवा कस्टम रॉम आत असताना बूटलोडर लॉक केला की वॉचमन परत सह्या तपासायला बसतो, एकही जुळत नाही आणि गेट बंद, तुम्ही बाहेर. शाओमीची मूळ रॉम टाकायच्या मीफ्लॅश टूलमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात क्लीन ऑल अँड लॉक हे आधीपासून निवडलेलं असतं, तिथे नजर न टाकता फ्लॅश दाबणारे खूप आहेत. क्लीन ऑल निवडा, लॉकचा विचार नंतर, तोही सगळं शंभर टक्के मूळ केल्यावर.

आतेभावाच्या फोनमध्ये त्या संध्याकाळी आम्ही रिकव्हरी नीट टाकली. व्हायोलेटची फाईल, रिकव्हरीचा कप्पा, त्यानेच टाइप केलं, तिसरा शब्द त्याने मोठ्याने वाचला, आत्या आतून विचारतेय काय रे काय झालं. रिकव्हरी उघडल्यावर रॉमची घाई त्याला झाली होती पण मी आधी बॅकअप घ्यायला लावला, बूट, ईएफएस आणि परसिस्ट. ईएफएसमध्ये मोडेमची माहिती असते, आयएमईआय त्यातलाच, आणि परसिस्टमध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन, हे दोन्ही त्या एका फोनपुरते असतात, दुसऱ्याकडून मागून आणता येत नाहीत, आणि ईएफएस गेलं तर फोन चालू राहतो पण सिम पकडत नाही. आकाराने हे दोन्ही काही एमबीच. फोनमध्येच ठेवले तर फॉरमॅट डेटात जातील म्हणून पेनड्राइव्हवर घेतले, आणि ती पेनड्राइव्ह फोनच्या रिकाम्या डब्यात टाकली, ज्यावर आयएमईआय छापलेला असतो, तो डबा आत्याने गोदरेजच्या कपाटात पासबुकांच्या खाली ठेवलाय.